मामांचं शहाणं झाड

या, जवळ या. हात लावून बघा हवं तर, सगळेच बघतात. हिरवागार, टवटवीत, पानावर कीड नाही, देठाला बाक नाही. इतक्या वर्षांत मी एकही पान गाळलेलं नाही. असं झाड पाहिलंय कधी? कुठून पाहणार! कारण मी झाडच नाही. प्लॅस्टिकचा आहे मी, नखशिखांत.

आता खोटं झाड खरं बोलेल कशावरून, ही शंका तुम्हाला आलीच असेल. रास्त आहे. मी थोडं तिखटमीठ लावणार, तेवढी सूट द्या. पण प्रयोगशाळेच्या कपाटात आणि नंतर खिडकीत जे घडलं ते जसंच्या तसं सांगेन. तिथे एका बाईंची नोकरी पणाला लागली होती, आणि त्यात तिखटमीठ घालायला जागाच उरली नव्हती.

माझं घराणं तसं मोठं. खनिज तेलाच्या कुळातला मी. आणि ते तेल कुठून आलं? माणूस नावाचा प्राणी जगात येण्याच्या कितीतरी आधी समुद्रात तरंगणारं बारीक शैवाल ऊन खाऊन वाढलं, मेलं, तळाला गेलं, गाळाखाली दबून युगानुयुगं शिजत राहिलं. त्याचं झालं तेल. म्हणजे माझे खापरपणजोबा अस्सल हिरवे होते. पुढच्या पिढ्या घसरल्या, त्याला मी काय करू?

जन्म कारखान्यात झाला. गरम लगदा साच्यात पडला आणि पानं बाहेर आली, एकासारखी एक. एका लांब टेबलाशी बसून बायका ती देठांत खोचत. माझ्या वाट्याला आली ती मोठी बोलकी. नणंदेची कागाळी अगदी रंगात आली आणि त्या भरात माझं तिसरं पान उलटं बसलं. अजून तसंच आहे.

पहिली नेमणूक झाली दातांच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यात. माणूस बघावा तर तिथे. आत कुणाची तरी दाढ निघत असते, आणि बाहेर बसलेला गडी मासिकाचं एकच पान तासभर वाचत असतो. मग त्याची नजर माझ्यावर पडते. इकडेतिकडे बघून तो हळूच माझ्या पानात नख रुतवतो. ‘‘खोटंय हो!’’ असं शेजारच्या बाईंना सांगतो, आणि त्याला इतकं समाधान होतं की दुखणारी दाढ घटकाभर विसरतो. माझ्या पानांवर चंद्रकोरी दिसतात ना, त्या नक्षीच्या नाहीत. घाबरलेल्या माणसांच्या सह्या आहेत त्या.

पंख्याच्या वाऱ्याने मी सारखा आडवा व्हायचो. एकदा तर एका आजीबाईंच्या मांडीवरच पडलो. त्या दचकून म्हणाल्या, ‘‘अगं बाई, हा कोण मेला!’’ तेव्हा डॉक्टरांनी मला एका जड मातीच्या कुंडीत, खरी माती दाबून, घट्ट बसवलं. पुढे त्यांनी दवाखाना बंद केला. खुर्ची विकली, पंखा विकला, मला कोण घेणार? त्यांची बहीण एका शाळेची मुख्याध्यापिका होती. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. भावाने मला बहिणीच्या गळ्यात घातलं, आणि बहिणीने प्रयोगशाळेच्या खिडकीत.

खिडकीत आधीपासून बिऱ्हाडं होती. एक जास्वंद, एक नेचा, आणि एका पसरट ताटलीत मोहरीची रोपं. मोठ्या बाईंनी शिपाईमामांना बोलावून सांगितलं, ‘‘मामा, खिडकीतल्या कुंड्यांना रोज पाणी.’’ झालं. मी प्लॅस्टिकचा आहे हे मामांना कुणी सांगितलंच नाही. मोठ्या बाईंना वाटलं, त्यांना दिसतंच आहे. आणि मामांना वाटलं, सांगायचं काय त्यात, झाडच आहे की!

मामा रोज सकाळी तांब्या घेऊन येत आणि सगळ्यांना सारखं वाढत. पण जीव माझ्यावर. ‘‘याला म्हणतात शहाणं झाड,’’ ते सफाईवाल्या मावशींना सांगत. ‘‘ना पान गाळायचं, ना कीड लावून घ्यायची. नाहीतर ही जास्वंद! जरा उशीर झाला की मान टाकून बसते, जशी काही आपण हिच्याच पगारावर आहोत.’’

‘‘तुमच्या हाताला गुण आहे, मामा,’’ मावशी म्हणत. मामा मिशीतल्या मिशीत हसत. असा माणूस हसत असताना त्याला ‘‘अहो, मी खोटा आहे’’ असं सांगायचं तोंड मला असतं, तरी मी उघडलं नसतं.

त्या पाण्याचं मी काय करणार? ते मातीत मुरायचं, कुंडीच्या अंगातून पाझरायचं. माझ्या पायाशी कायमचा ओलावा. हळूहळू तिथे बारीकसारीक हिरवं काहीबाही दिसायला लागलं. ते पाहून मामांना कोण आनंद! ‘‘पिल्लं झाली हो याला,’’ म्हणाले, आणि त्यातली एक काडीही उपटली नाही. माझी खालची रुंद पानं त्यावर झाकणासारखी पसरलेली, त्यामुळे मामांशिवाय ते कुणाला दिसलं नाही. मीही कधी नीट पाहिलं नाही. मोठेपणा एकदा अंगात भिनला की पायाशी कोण बघतो?

जास्वंद मात्र मला पुरती ओळखून होती. वेळी अवेळी टोमणे मारायची.

‘‘तुला काय कळणार रे भुकेची गंमत?’’ एकदा म्हणाली. ‘‘सकाळी ऊन पानावर पडलं की आमचं स्वयंपाकघर जागं होतं. मुळं खालून पाणी धाडतात. पानाच्या अंगावर बारीक बारीक तोंडं असतात, त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो. आणि पानातलं हिरवं द्रव्य उन्हाच्या जोरावर दोन्हींची साखर करतं. पोटापुरती वापरायची, उरलेली स्टार्च करून पानातच साठवायची. रात्री चूल बंद. साठवलेलं खायचं.’’

‘‘आणि धूर?’’ मी खोचकपणे विचारलं.

‘‘आमच्या चुलीतून ऑक्सिजन निघतो. तो घेऊनच तुझे मामा जिने चढतात.’’

 खरं सांगू, मला त्या उन्हावरून तिचा हेवा वाटायचा. तेच ऊन माझ्यावरही पडायचं. पण तिला ते वाढायचं, आणि मला खायचं. खिडकीकडची माझी पानं बघा, हिरवी जाऊन निळसर पडली आहेत.

अशात विज्ञानाची नवी बाई आली. तरुण, लगबगीची, आणि दिवसभर बोलून बोलून घसा बसलेली. गरम पाण्यात लिंबू पिळून प्यायची आणि बिया माझ्या कुंडीत टाकायची, कारण केराची टोपली दाराशी होती. छत्री माझ्या फांदीला अडकवायची. मी काय आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तिच्या लेखी मी खुंटी होतो. मला राग नाही आला. दवाखान्यातल्यापेक्षा हे बरं, खुंटीला कुणी नख लावत नाही.

ही बाई तात्पुरती होती. सुट्टी लागायच्या आधी ती खिडकीशी उभी राहून मोठ्या बहिणीशी फोनवर बोलत होती. ‘‘ताई, सुट्टीनंतर तपासणीचे साहेब येणार आहेत माझा धडा बघायला. पसंत पडला तर कायम, नाहीतर दुसरी बाई घेणार. … नाही गं, तुझ्या दुकानात बसायची लाज कसली? पण मला हेच करायचंय. आणि कुठे जागा नाही गं, सगळीकडे विचारून झालंय. … सातवीला. वनस्पतिसृष्टी आणि प्रकाशसंश्लेषण. … अगं, झाड स्वतःचं जेवण कसं बनवतं ते. … नाही, फोडणी नाही देत!’’

हसली, फोन ठेवला, आणि मग बराच वेळ जास्वंदीच्या पानाकडे बघत राहिली. प्रयोग त्या जास्वंदीवरच व्हायचा होता. झाड दोन दिवस अंधारात ठेवायचं, म्हणजे पानातला साठा संपतो. मग अर्ध्या पानाला काळा कागद लावून उन्हात ठेवायचं. आयोडीन टाकलं की उघडा भाग निळा-काळा होतो, झाकलेला होत नाही. ज्याला ऊन मिळालं त्यानेच स्वयंपाक केला, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

सुट्टी लागली, आणि मामा तापाने आडवे झाले. खिडक्या बंद, खोलीत भट्टी. ताटलीतली मोहरी आधी गेली, मग नेचा. जास्वंद शेवटपर्यंत तोऱ्यात होती, पण टोमणे बंद झाले तेव्हाच मी समजलो. मामा काठी टेकत परत आले तेव्हा सगळ्यांची वाळून काडी झाली होती. उभा होतो तो मी एकटा, टवटवीत! माझ्या कुंडीवर माझ्याच पानांचं छप्पर, तेव्हा तिथला ओलावा अजून टिकून होता.

मामा बराच वेळ डोक्याला हात लावून बसले. मग उठले, मेलेल्या कुंड्या मागच्या आवारात नेऊन ठेवल्या, आणि सगळ्यांच्या वाटणीचं पाणी रोज मला घालू लागले. ‘‘जी गेली ती गेली,’’ माझ्या पानावरून फडकं फिरवत म्हणाले. ‘‘जो जगलाय त्याला जपू.’’

आणि एका दुपारी त्यांचा फोन वाजला. मला ऐकू आली ती मामांचीच बाजू, पण ती पुरेशी होती.

‘‘बोला, बाई. … काय म्हणता! शाळा उघडते त्याच दिवशी साहेब येणार? … तुम्ही गावाहून थेट वर्गावर? … हां, हां. खिडकीतली चांगली हिरवीगार कुंडी कपाटात ठेवायची. आतापासून, दोन दिवस. अंधार पाहिजे. … एका पानाला काळा कागद, अर्ध्यावर, क्लिप लावून. … बाकीच्या कुंड्या?’’ मामा घुटमळले. ‘‘तुम्ही या हो निवांत. एक आहे ना, फर्स्टक्लास!’’

अशी माझी वरात कपाटात निघाली. दार लावण्याआधी मामा मला म्हणाले, ‘‘दोन दिवस कळ काढ रे बाबा. बाईंच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.’’

कपाटात शेजार होता हाडांच्या सांगाड्याचा. त्याचा एक हात कधीच हरवलेला, तरी स्वभाव हसरा. मला अंधाराचं काही नव्हतं. पण थोड्या वेळाने पायाशी कुणीतरी बारीक आवाजात बोललं.

‘‘अहो आजोबा, अजून उजाडलं नाही का?’’

मी आयुष्यात पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं. म्हणजे मनातल्या मनात, वाकायला मला येत नाही. एक रोप होतं, वीतभर उंच.

‘‘उजाडेल. तुला घाई कसली?’’

‘‘भूक लागली. साठवलेलं संपत आलंय. तसं बाहेरसुद्धा तुमच्या पानांमधून येईल तेवढंच ऊन मिळतं मला, पण ते तरी मिळतं.’’

हे मला झोंबलं. मी त्याचं ऊन अडवत होतो, आणि स्वतः ते वापरतही नव्हतो! आता खायला घालणं माझ्या हातात नाही, पण थापा मारणं आहे. मी त्याला समुद्रातल्या खापरपणजोबांच्या गोष्टी सांगितल्या. आजीबाईंच्या मांडीवर पडलो ती गोष्ट तर दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा मांडी राणीची होती. रोप हसायचं, मग गप्प व्हायचं. दुसऱ्या दिवशी गप्प राहणंच जास्त.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर बाकं सरकल्याचे आवाज आले. सातवीचा वर्ग येऊन बसला. मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, साहेब. त्यांच्या शेजारी मोठ्या बाई. बाई आली ती धापा टाकतच, खांद्याला प्रवासाची पिशवी तशीच. पिशवी टेबलाखाली सरकवून तिने धडा सुरू केला. झाड स्वतःचं अन्न स्वतः तयार करतं, आपण ते करू शकत नाही, वगैरे. मुलं ऐकत होती. मग ती म्हणाली, ‘‘आज हे आपण नुसतं ऐकायचं नाही. बघायचं,’’ आणि तिने कपाटाचं दार उघडलं.

उजेड माझ्यावर पडला. आधी सांगाड्याला बघून मुलं हसली. मग त्यांची नजर माझ्यावर आली. आणि एकदम खोलीत हशा फुटला.

‘‘बाई, हे तर खोटं झाड आहे!’’

बाईचा हात माझ्या पानावर होता. तो तिथेच थांबला. दारात मामा उभे होते, नवा सदरा घालून. ‘‘बघा, बाई!’’ ते कौतुकाने म्हणाले. ‘‘दोन दिवस अंधारात, पण पान कोमेजलं का एक तरी?’’

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, ‘‘हा काय प्रकार आहे?’’

एका वाक्यात बाईची सुटका होती. ‘माझी चूक नाही, मामांनी घोळ घातला’, एवढं म्हटलं की झालं. तिने मामांकडे पाहिलं. मामांचं हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेनासं झालं होतं.

‘‘साहेब,’’ बाई म्हणाली, ‘‘मला हवं होतं ते झाड हे नाही. ते काही मिळणार नाही आता असं दिसतंय. पण धडा मी याच्यापासूनच सुरू करते.’’ तिने मला उचलून टेबलावर आदळलं. ‘‘हे झाड आहे का रे?’’

‘‘नाही!’’

‘‘कशावरून?’’

‘‘प्लॅस्टिक आहे म्हणून!’’

‘‘ते मला सांगून झालं. पुरावा द्या. झाड असण्यासाठी काय लागतं, जे याच्याकडे नाही?’’

मग काय विचारता! याला वास नाही. हे वाढत नाही. याला कीड लागत नाही. सगळी पानं एकाच मापाची. एकाने तर तिसरं पान उलटं असल्याचंही शोधून काढलं. एवढी माझी चिकित्सा दातांच्या डॉक्टरांकडेही झाली नव्हती. बाईने माझं एक पान कात्रीने कापलं, गरम पाण्यातून काढलं, मग गरम स्पिरिटमध्ये ठेवलं आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. पान आक्रसून वाकडं झालं, पण थेंब होता तसाच तपकिरी.

‘‘म्हणजे स्टार्च नाही,’’ बाई म्हणाली. ‘‘हिरवा रंग आहे, पण हरितद्रव्य नाही. म्हणून स्वयंपाक नाही.’’

‘‘ते ठीक,’’ मागून साहेब म्हणाले. आवाज चढा नव्हता, पण बाई ताठ झाली. ‘‘याच्यात नाही हे दिसलं. खऱ्या पानात असतं, हे मुलांनी तुमच्या शब्दावर मानायचं का?’’

बाईने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुंड्यांचे गोल डाग तेवढे उरले होते.

तेवढ्यात एक हात वर झाला. एका मुलीचा. वर्गात तिला ‘शंका’ म्हणत, कारण तिचा हात खाली असलेला कुणी पाहिला नव्हता.

‘‘आत्ता नको गं,’’ मोठ्या बाई म्हणाल्या.

‘‘एकच, बाई. हे झाड पाणी पीत नाही ना? मग मामा रोज तांब्याभर घालतात ते जातं कुठे?’’

‘‘पितं की!’’ मामा दारातून म्हणाले. हा शेवटचा गड ते सोडणार नव्हते. ‘‘नाहीतर त्याला पिल्लं कशी झाली असती?’’

‘‘पिल्लं?’’ बाई म्हणाली.

मामा पुढे आले आणि त्यांनी माझी खालची पानं हळूच वर धरली, जशी आई झोळी बाजूला करून बाळ दाखवते.

बाई बघतच राहिली. मग वाकली. मग म्हणाली, ‘‘या रे सगळे. ढकलू नका. आधी कुंडीला बाहेरून बोट लावा.’’

‘‘ई! बुळबुळीत!’’

‘‘शैवाल. मूळ नाही, खोड नाही, पान नाही, तरी हिरवं. ही सगळ्यात साधी घडण. आता मातीवर बघा, मखमलीसारखं.’’

‘‘शेवाळं!’’

‘‘आपण त्यालाही शेवाळं म्हणतो, पण हे मॉस. एक पायरी वर. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नाहीत, म्हणून ओल सोडून जात नाही. आणि काठाशी हे गुंडाळलेलं?’’

‘‘नेचा! बाई, आपल्या नेच्याचा मुलगा!’’

‘‘त्याचे बीजाणू उडून पडले असणार. याला नळ्या आहेत, म्हणून हा मान वर करून उभा आहे. पण याला फूल नाही, बी नाही. बीवाले कोण?’’

‘‘हे गवत!’’

‘‘बी असतं पण फळात झाकलेलं नसतं, असे कोण?’’

कुंडीत कुणी सापडेना. मुलं खिडकीबाहेर बघू लागली. ‘‘फाटकाजवळचा सायकस!’’ एकजण ओरडला, आणि एवढी सगळी सृष्टी एका कुंडीत मावली याचंच त्यांना इतकं नवल वाटलं की एकजण बाहेर राहिल्याचं वाईट वाटलं नाही.

‘‘आणि हे?’’ शंका म्हणाली. तिचं बोट माझ्या वीतभर मित्रावर होतं. बाईने त्याचं एक पान खुडलं, चुरगळलं आणि सगळ्यांच्या नाकाखालून फिरवलं.

‘‘लिंबू!’’

बाईचा चेहरा लाल झाला. बिया कुणी टाकल्या ते तिला आणि मला माहीत होतं. पण पुढच्याच क्षणी तिचे डोळे लकाकले. ‘‘मामा, ही कुंडी पूर्ण दोन दिवस कपाटात होती? मध्ये दार उघडलं नाही?’’

‘‘किल्ली माझ्या कनवटीला होती, बाई.’’

आणखी एक पान खुडलं गेलं. गरम पाणी, स्पिरिट, आयोडीन. सगळ्यांच्या माना पुढे. थेंब तपकिरीच राहिला.

‘‘हॅत्! हेपण खोटं?’’ मागचा एक मुलगा म्हणाला.

‘‘खरं आहे,’’ बाई म्हणाली. ‘‘उपाशी आहे.’’

 मग एकच गलका. ‘‘बाई, त्याला जेवायला घाला! उन्हात ठेवा!’’

बाईने माझ्या पानावरची काळ्या कागदाची पट्टी काढून लिंबाच्या पानावर अर्ध्यावर लावली आणि कुंडी खिडकीत ठेवली. ऊन आलं. माझ्यावर आलं. रोपावर माझी सावली पडली.

सगळ्यांनी ते एकदमच पाहिलं. मीही पाहिलं. बाईने माझं खोड दोन्ही हातांनी धरलं. मनात म्हटलं, ओढ बाई, लाजू नकोस. मी निघालो तो सुळकन. मातीचा एक कण हलला नाही. खाली गुळगुळीत दांडा, त्यावर साच्याची शिवण. एकही मूळ नाही.

मामांनी मला हातात घेतलं आणि तो दांडा उलटसुलट करून पाहिला. कुणी हसलं नाही.

‘‘म्हणजे एवढी वर्षं मी खुंटीला पाणी घातलं?’’ ते म्हणाले. ‘‘बाई, या खुंटीपायी बाकीच्यांना पाणी घालूनही न बघता, मेलेली समजून टाकून दिलं मी.’’

‘‘ती चूक आपल्या सगळ्यांची,’’ बाई म्हणाली. ‘‘तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. आणि पाणी तुम्ही खुंटीला नाही घातलंत, मामा. कुंडीला घातलंत.’’

साहेबांना दुपारी दुसऱ्या शाळेत जायचं होतं. ते उठले. पण सातवीचा वर्ग दारात आडवा उभा. ‘‘साहेब, थांबा ना. त्याचं जेवण होऊ दे.’’ साहेबांनी घड्याळ पाहिलं, मोठ्या बाईंकडे पाहिलं, आणि चहा मागवला.

सकाळचं ऊन खिडकीत चढलं, माथ्यावरून सरकलं. शाळेचे इतर तास झाले, मधली सुट्टी झाली. मी कपाटावर आडवा पडून बघत होतो. बाई मध्येच येऊन कुंडी बोटभर सरकवायची, उन्हाच्या मागे मागे. पट्टीचं पान नाही रंगलं तर तिला सामान आवरायचं होतं, आणि ते पान तर दोन दिवसांच्या उपासाने आधीच अर्धमेलं होतं. जन्मात मी कधी कशासाठी जीव टांगणीला लावला नव्हता, तेव्हा लावला.

शेवटच्या तासाला पान खुडलं. पट्टी काढली. पाणी. स्पिरिट. पान पांढुरकं झालं. बाईने आयोडीनची नळी शंकाच्या हातात दिली.

झाकलेल्या भागावर थेंब तपकिरी राहिला. उघड्या भागावर तो पसरला, गडद झाला, आणखी गडद झाला, आणि निळा-काळा झाला. मधोमध सरळ रेघ, पट्टीने आखल्यासारखी.

‘‘जेवला!’’ मामाच पहिल्यांदा ओरडले.

साहेबांनी पान उजेडात धरून बघितलं, बराच वेळ. मोठ्या बाईंच्या कानाशी काहीतरी बोलले आणि निघून गेले. मोठ्या बाई बाईपाशी आल्या. ‘‘पुढच्या वर्षीही सातवीला हा धडा तूच घ्यायचा,’’ म्हणाल्या. ‘‘त्याच्या पुढच्या वर्षीही. फक्त कपाट आधी उघडून बघत जा.’’

बाईने फोन काढला. ‘‘ताई,’’ म्हणाली, ‘‘तुझ्या दुकानात दुसरी कुणी बघ!’’

तेव्हापासून मी इथे, कपाटावर. मामा मला फेकायला तयार नव्हते आणि बाई फेकू देणार नव्हती. दरवर्षी सातवीच्या पहिल्या तासाला ती मला खाली उतरवते आणि विचारते, ‘‘हे झाड आहे का रे?’’ मुलं पुरावे शोधतात. मामा आता मला पाणी घालत नाहीत. खिडकीत नवी जास्वंद आली आहे, नवी मोहरी आली आहे, त्यांना घालतात. आणि पिल्लांना. मॉस काठाबाहेर उतरलंय, नेच्याला नवी बोटं फुटली आहेत.

माझी विनंती म्हणाल तर एवढीच आहे. माझ्यासारखा कुणी हिरवागार दिसला तर कौतुक जरूर करा, पण त्याच्या पायाशीही एकदा वाकून बघा. आणि जे खरंच पान गाळतं, रुसतं, मान टाकतं, त्याला एक दिवस उशीर झाला तर मेलं समजू नका. तहानलेलं असेल.

माझं काय, मी आहे तसाच राहणार, तीच माझी अडचण. ते तिकडे खिडकीत बघा, माझा वीतभर मित्र. आता तुमच्या खांद्याला लागतो. सकाळपासून राबतोय, आवाज नाही, धूर नाही, आणि तुम्ही इथे उभे राहून एवढा वेळ जो श्वास घेतलात, त्यातला थोडा त्याच्या घरचा आहे.

आता जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय त्याच्यावर.